लेडी जमशेटजींची अट

माहीम-दादर भागातून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात अधूनमधून एक प्रश्न विचारते : 'एल. जे. रोड'मधले एल आणि जे कोण? या रस्त्यावर त्यांचे क्लास असतात, चहाच्या टपऱ्या असतात, पत्ता सांगताना हे नाव दिवसातून दहादा उच्चारले जाते. उत्तर मात्र क्वचितच येते. एकदा एकाने मोठ्या आत्मविश्वासाने 'लजपतराय आणि जवाहरलाल' असे सांगितले होते. आडाखा वाईट नव्हता. पण एल म्हणजे लेडी आणि जे म्हणजे जमशेटजी. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली माहीमची खाडी ज्या पुलाने पहिल्यांदा ओलांडली, तो पूल या बाईंच्या पैशातून उभा राहिला. आणि पैसे देताना त्यांनी सरकारला एक अट घातली होती. त्या अटीविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ज्या पाण्यावर १८४५ मध्ये तो पूल झाला, त्याच पाण्याच्या तोंडावर २००९ मध्ये दुसरा, कितीतरी मोठा आणि प्रसिद्ध पूल झाला. या दोन पुलांची तुलना आपण सहसा लांबी-रुंदीची आणि खर्चाची करतो. पुलावरून कोणी जायचे, कोणत्या अटीवर जायचे आणि त्यासाठी वाट कोणी सोडायची, या अंगाने ती क्वचितच होते.

प्रथम थोडा भूगोल. माहीमचा उपसागर म्हणजे अरबी समुद्राने किनाऱ्यात घेतलेला एक उथळ अर्धवर्तुळाकार घास. दक्षिणेला वरळीचे टोक, पूर्वेला दादर-माहीमची चौपाटी, उत्तरेला वांद्रे. या घासाच्या ईशान्य कोपऱ्यात मिठी नदी येऊन मिळते. विहार आणि पवई तलावांचे ओसंडलेले पाणी घेऊन निघणारी ही नदी शहराला आज गटार म्हणून परिचित असली, तरी खाडीचा मूळ आकार तिनेच घडवला आहे. तीन टोकांना तीन किल्ले आहेत : वरळीचा, माहीमचा आणि वांद्र्याचा पोर्तुगीज 'कास्तेला द अग्वाद'. एवढ्याशा पाण्याभोवती तीन किल्ले असावेत, याचा अर्थ उघड आहे. ही सरहद्द होती.

ती कुणाकुणाची सरहद्द होती हे पाहणे उद्बोधक आहे. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, साष्टी मात्र पोर्तुगिजांकडे राहिली. म्हणजे माहीमला इंग्रज आणि समोर, नजरेच्या टप्प्यात, वांद्र्याला पोर्तुगीज. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि साष्टी मराठ्यांची झाली. तिथून १७७४ पर्यंत, पस्तीस वर्षे, माहीमच्या खाडीच्या एका काठावर कंपनी सरकार आणि दुसऱ्या काठावर पेशव्यांचे राज्य होते. आज वांद्रे स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या माणसाला हे सांगितले तर तो हसेल. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. सरहद्द मिटली, पाणी तेवढे उरले.

सरहद्दीवर पूल बांधत नाहीत. बांधलाच तर तो आधी शत्रूच्या सोयीचा ठरतो. सरहद्द मिटल्यावर मात्र पुलाची गरज तीव्र झाली. साष्टीतून मुंबईला भाजी, भात, दूध, मासळी, माणसे यायची. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, १७९८ ते १८०५ या काळात, शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध झाला. त्यावर टोल होता. तो १८३१ साली उठला. पण शीवचा बांध पूर्वेला. वांद्र्याच्या माणसाला माहीमला यायचे तर जवळची वाट म्हणजे तर. ही तर पावसाळ्यात जिवावर बेतणारी होती. मिठीला पूर, समोरून भरती आणि वर वारा, अशा तिहेरी पेचात सापडलेल्या होड्यांच्या दुर्घटना वारंवार घडत. १८४१ च्या पावसाळ्यात एका वादळात वीस होड्या उलटल्या, असे या पुलाच्या इतिहासात नेहमी सांगितले जाते. बांध घालावा ही कल्पना सरकारदरबारी त्याआधीही होती. खर्चाला मात्र कंपनीची तयारी नव्हती. व्यापारी कंपनी होती ती. ज्यातून काही सुटत नाही अशा कामात हात घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

येथे आवाबाई येतात. सर जमशेटजींना १८४२ मध्ये 'नाइट' हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यामुळे आवाबाई 'लेडी जमशेटजी' झाल्या. त्यांनी पुलासाठी आधी एक लाख रुपये दिले, काम अपुरे पडते आहे असे दिसल्यावर आणखी दिले, आणि एकूण देणगी एक लाख सत्तावन्न हजारांवर गेली, असा आकडा सर्वत्र दिलेला आढळतो. वांद्र्याच्या मोत माउलीला बोललेल्या नवसाची एक आख्यायिकाही या देणगीला चिकटलेली आहे. पारशी बाई, ख्रिस्ती देवता आणि हिंदू-मुसलमान-कोळी उतारू अशी ती कथा असल्यामुळे मुंबईला फार आवडते. खरी असेल नसेल. देणगी खरी आहे आणि अट खरी आहे. अट अशी, की या पुलावर सरकारने कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

एप्रिल १८४५ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांच्या कारकिर्दीत पूल वाहतुकीला खुला झाला. बांधकाम लष्करी इंजिनियर क्रॉफर्ड यांच्या देखरेखीखाली झाले. पूल म्हणतो खरे, पण त्याचे रूप मुख्यतः पाण्यात घातलेल्या भरावाच्या बांधाचे, मध्ये पाण्याला वाट ठेवलेली, असे होते. म्हणूनच लोक आजही त्याला 'कॉजवे' म्हणतात. १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला होता. म्हणजे सात वर्षांच्या अंतराने मुंबईची दक्षिण आणि उत्तर अशी दोन्ही टोके जमिनीने बांधली गेली.

या अटीचे महत्त्व आज पटकन लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्ता, पूल, तर, घाट यांवर काहीतरी द्यावे लागणे ही रीतच होती. सरकारी मराठीत आपण आज 'पथकर' म्हणतो. शब्द नवा घडवलेला आहे, वस्तू फार जुनी. जिथे माणसाला वळसा घालणे शक्य नाही, तिथे चौकी बसवायची, हे राज्यकर्त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पाण्यावरचा पूल ही तर त्यासाठी आदर्श जागा. आवाबाईंनी ती जागाच काढून घेतली. पूल बांधून देण्यापेक्षाही हे अधिक दूरदृष्टीचे होते असे मला वाटते, कारण पूल सरकारने कधी ना कधी बांधलाच असता. डोक्यावर टोपली घेऊन येणारी वांद्र्याची भाजीवाली आणि चार घोड्यांच्या गाडीतला साहेब यांना एकाच दराने, म्हणजे शून्य दराने, पाणी ओलांडता यावे ही व्यवस्था सरकारने आपणहून केली असती असे वाटत नाही.

येथे एका गोष्टीवर पांघरूण घालणे योग्य होणार नाही. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली होती आणि त्या व्यापारात कापसाबरोबर अफू होती. माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनकडे जायची. १८३९ ते १८४२ हे पहिल्या अफूयुद्धाचे वर्ष-पर्व संपते आणि पाठोपाठ ही देणगी येते. माहीमच्या पुलावरून जाणाऱ्याने काही दिले नाही हे खरे. पण कुठेतरी, फार दूर, कुणीतरी ते दिलेले होते. जमशेटजींच्या दानांची यादी मोठी आहे. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांचेच, कलाशाळेला नाव त्यांचेच. पुण्याच्या मुळा-मुठेवरचा बंधाराही त्यांच्याच देणगीतून झाला आणि 'बंड गार्डन' या नावातला बंड म्हणजे तोच बांध, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. या दानांकडे पाहताना दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवता आल्या पाहिजेत. दात्याला देव्हाऱ्यात बसवणे सोपे आणि अफूवाला म्हणून झटकून टाकणे त्याहून सोपे. इतिहास या दोन्ही सोयींच्या मधल्या जागेत असतो.

कॉजवेने काय केले ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. वांद्रे हे खेडे मुंबईचे उपनगर होण्याच्या वाटेला लागले. वीस वर्षांनी रेल्वे आली तेव्हा ही वाट आधीच मळलेली होती. १९५० मध्ये वांद्रे मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले आणि कॉजवे हा शहराच्या सीमेवरचा पूल न राहता शहराच्या पोटातला रस्ता झाला. तरी सीमेची एक खूण उरली आहेच : रिक्षा. उपनगरातील रिक्षा वांद्र्यापर्यंत येते, पुढे माहीमला येत नाही. आणि या पुलावर माणसे अजून चालतात. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला, डिसेंबरात मखदूम अली माहिमींच्या उरुसाला, सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला. कॉजवेच्या दोन्ही टोकांना आणि पलीकडे देव उदंड असल्यामुळे त्यावर पायी चालणाऱ्यांची कमतरता कधी पडलेली नाही.

आता दुसरा पूल.

स्वातंत्र्यानंतर मुंबईची वाढ उत्तरेकडे झाली, नोकऱ्या मात्र दक्षिणेला राहिल्या. लांबट, चिंचोळ्या बेटावर सकाळी सगळे एका दिशेने आणि संध्याकाळी उलट दिशेने जाणार, हे ठरलेले. पश्चिम उपनगरांतून येणारी मोटारवाहतूक माहीमच्या कॉजवेवर येऊन तुंबायची, कारण आवाबाईंच्या कॉजवेला त्या बाजूला दुसरा पर्यायच नव्हता. एकोणीसशे साठच्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला आणि पश्चिम किनाऱ्यालगत द्रुतगती मार्गाची कल्पना पुढे आली. ती कागदावर तीन-साडेतीन दशके राहिली. १९९९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी बाळासाहेब ठाकरे यांच्या हस्ते झाली, तेव्हा पाच वर्षांत पूल होईल असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात दहा लागली आणि खर्च सुमारे सोळाशे कोटींवर गेला.

विलंबाची कारणे नेहमी एका वाक्यात उरकली जातात : 'जनहित याचिका आणि आराखड्यातील बदल'. या एका वाक्यात बरेच काही दडले आहे. उपसागराच्या तोंडावरून पूल जाणार म्हणजे वरळी, माहीम आणि वांद्र्याच्या कोळीवाड्यांच्या होड्यांचा समुद्राकडे जाण्याचा रस्ता पुलाच्या खांबांमधून जाणार. खांबांमध्ये अंतर किती, हा इंजिनियरच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न असतो. भरतीच्या ओढीत, वाऱ्यात, अंधारात होडी आत आणणाऱ्याच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न असतो. दुसरा वाद भरावाचा. वांद्र्याच्या बाजूला सेतूचा जोडरस्ता आणि टोलनाका यांसाठी समुद्रात भराव टाकला गेला आणि मिठीच्या मुखाजवळ आणखी भराव नको, असे पर्यावरणाचे अभ्यासक सांगत राहिले. अखेर मार्ग समुद्राच्या बाजूला सरकवला गेला. आणि मूळ आराखड्यात वांद्र्याजवळ एकच केबलवर तोललेला भाग होता, त्यात वरळीजवळच्या होड्यांच्या वाटेवर दुसरा, १५० मीटर गाळ्याचा, भाग वाढवण्यात आला. आज पर्यटक त्या दोन मनोऱ्यांचे छायाचित्र काढतात तेव्हा धाकटा मनोरा हा सौंदर्यदृष्टीचा भाग आहे असे त्यांना वाटते. तो कोळ्यांच्या तक्रारीतून उभा राहिलेला आहे.

बांधणीची कथा रोमहर्षक आहे, यात शंका नाही. एकूण लांबी ५.६ किलोमीटर. वांद्र्याजवळचा मनोरा १२८ मीटर उंच आणि त्याच्या दोन्ही अंगांना अडीचशे-अडीचशे मीटरचे गाळे, खाली एकही खांब नाही. कोलकात्याचा विद्यासागर सेतू याच जातीचा, पण तो नदीवर. खुल्या समुद्रावर असा पूल भारतात प्रथमच होत होता. समुद्राचा तळ एकसारखा नव्हता. एका जागी कठीण काळा खडक, तर शेजारीच झिजलेला, ठिसूळ. त्यामुळे प्रत्येक पायाचा विचार वेगळा करावा लागला. पुलाचे काँक्रीटचे तुकडे किनाऱ्यावर ओतून तयार केले जात. एकेक तुकडा शंभर टनांहून अधिक वजनाचा. ते तुकडे समुद्रात उचलून एकमेकांना जोडणारी पोलादी सांगाडेवजा यारीच हजार टनांपलीकडची होती. एका बाजूचे काम संपल्यावर तिला उचलून दुसऱ्या बाजूला ठेवण्यासाठी 'एशियन हर्क्युलीस' नावाची तरंगती क्रेन आणावी लागली. आणि हे सगळे पावसाळा सोडून. मुंबईच्या समुद्राने वर्षातून चार महिने सुट्टी घेण्याचा आपला हक्क कंत्राटदारालाही सोडू दिला नाही.

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने पूल बांधला आणि रस्ते विकास महामंडळाने तो बांधवून घेतला. त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून आकड्यांचा पाऊस पडला होता. केबलमधल्या तारा एकापुढे एक जोडल्या तर पृथ्वीला प्रदक्षिणा होईल, पुलाचे वजन पन्नास हजार आफ्रिकन हत्तींइतके आहे, इत्यादी. आफ्रिकनच का, हे मला कधी कळले नाही. आपले हत्ती थोडे लहान पडत असतील. पण मग संख्या वाढवून अभिमानही वाढवता आला असता. असो.

३० जून २००९ रोजी सोनिया गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि पुलाला राजीव गांधी यांचे नाव देण्यात आले. त्या वेळी आठपैकी चार मार्गिकाच तयार होत्या. उरलेल्या चार मार्च २०१० मध्ये खुल्या झाल्या. नावावरून वाद झाला तो झाला. लोकांनी दोन्ही पक्षांना बाजूला सारून 'सी लिंक' हे नाव पसंत केले, जसे लेडी जमशेटजींना त्यांनी दोन अक्षरांत बसवले होते. 'सेतू' या शब्दाबद्दल मात्र दोन शब्द लिहायचा मोह आवरत नाही. 'पूल' हा फारसीतून आलेला, बाजारात वावरणारा शब्द. त्यावरून कोणीही जातो. 'सेतू' म्हटले की रामायण आले, वानरसेना आली आणि ती खारही आली, जिच्या वाट्याची आपण आजही म्हण करून ठेवली आहे. सरकारी मराठीत अलीकडे समुद्रावरचे सगळे पूल 'सेतू' होऊ लागले आहेत. शब्द भारदस्त आहे. पण रामायणातल्या सेतूवरून सगळी सेना पायी गेली होती.

सी लिंकवर पायी जाता येत नाही. सायकल नेता येत नाही. दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. उद्घाटनानंतरचे सुरुवातीचे दिवस टोल नव्हता, तेव्हा सारे शहर मोटारी काढून पूल पाहायला लोटले होते. त्यानंतर टोल सुरू झाला : मोटारीला एका फेरीचे पन्नास रुपये. १ एप्रिल २०२१ पासून ते पंच्याऐंशी झाले आणि १ एप्रिल २०२४ पासून शंभर. बेस्टच्या काही बसगाड्या त्यावरून धावल्या, पण हा पूल बसचा कधी झाला नाही. वर्षातून एक दिवस, जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे, मॅरेथॉनचे धावपटू त्यावरून पायी जातात. २०१० पासून ही प्रथा आहे. म्हणजे सी लिंक स्वतःच्या पायांनी ओलांडायचा असेल, तर आधी नोंदणी करून बेचाळीस किलोमीटर, निदान एकवीस, धावण्याची तयारी हवी.

माझ्या मनातला प्रश्न टोलचा नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. किंबहुना टोलच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. सोळाशे कोटी कुठून तरी यायचेच असतात. मोटार बाळगणाऱ्याने आपल्या वाचलेल्या अर्ध्या तासाचे पैसे द्यावेत, विदर्भातल्या शेतकऱ्याच्या करातून ते देऊ नयेत, हा युक्तिवाद मला पटतो. आवाबाईंच्या फुकट पुलाचे पैसे चीनमधल्या अफूबाजांनी दिले असतील, तर सी लिंकचे पैसे निदान त्यावरून जाणाराच देतो; हिशेब स्वच्छ आहे. प्रश्न पुढचा आहे. ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला पैसे देऊनही या पुलावरून जाण्याचा हक्क नाही. १८४५ च्या अटीचा गाभा 'फुकट' हा नव्हता, 'कोणालाही' हा होता. सानफ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ पासून माणसे चालतात. त्याच शहराच्या बे ब्रिजचा पूर्वेचा भाग २०१३ मध्ये नव्याने बांधला तेव्हा त्यावर चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी वेगळी वाट ठेवण्यात आली. वारा, उंची, सुरक्षितता हे प्रश्न तिथेही आहेत. आपल्याकडे चालणाऱ्याची वाट काढून टाकण्याचा निर्णय झाला असेही म्हणवत नाही. ती कुणाच्या मनातच आली नसावी. ज्या शहरात बहुसंख्य माणसे पायी, बसने आणि लोकलने जातात, त्या शहराने आपले बोधचिन्ह म्हणून असा पूल निवडावा, ज्यावर ती पाय ठेवू शकत नाहीत, हे मला बोचते.

आणि पाण्याचे काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी आपल्या काठावरच्या वस्त्यांत शिरली आणि शेकडो माणसे गेली. त्या वेळी सी लिंकचे काम चालू होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि मिठीची कोंडी हा विषय पहिल्यांदा घराघरांत चर्चिला गेला. काठांवरची अतिक्रमणे, विमानतळाखालची वळणे, वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव ही मोठी कारणे होती. पुराचा दोष एकट्या पुलावर टाकणे न्याय्य नव्हते आणि नाही. परंतु मुखाशी पाहिले तर कॉजवेचा १८४५ चा बांध आणि वांद्र्याच्या बाजूला टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला भराव यांमधूनच त्या नदीला समुद्र गाठावा लागतो. आपली लाडकी देणगीदेखील या कोंडीतून सुटत नाही. बांधकामाने पाण्यावर मात केली असे आपण म्हणतो, तेव्हा पाणी फक्त दुसरी वाट शोधत असते.

पुढची हकिगत ताजी आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबई किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला आणि जानेवारी २०२५ अखेर तो वरळीला सी लिंकशी पूर्णपणे जोडला गेला. या रस्त्यावर टोल नाही. म्हणजे मरीन ड्राइव्हवरून निघालेली मोटार वरळीपर्यंत विनामूल्य येते आणि नेमका माहीमचा उपसागर ओलांडायला शंभर रुपये मोजते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. सी लिंकचा नाही. ज्या पाण्यावर टोल घेऊ नये म्हणून एका बाईने दीड लाखांहून अधिक रुपये मोजले, त्या पाण्यावरचा टोल सर्वांत चिवट ठरला आहे.

किनारी रस्ता सी लिंकला जोडताना वरळीच्या कोळ्यांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. जोडपुलाच्या खांबांमध्ये साठ मीटर अंतर ठेवले होते. आमच्या होड्यांना ते पुरत नाही, असे कोळीवाड्याने सांगितले आणि काम अडवले. तज्ज्ञांनी साठ मीटर पुरेसे आहेत असे सांगितले. कोळ्यांचे म्हणणे असे, की कागदावर होडी सरळ रेषेत जाते, समुद्रात जात नाही. दोन होड्या समोरासमोर आल्या, दाट धुके असले, खडकावरून लाट फुटत असली, म्हणजे साठ मीटर म्हणजे काय ते खाली येऊन पाहा. बरेच महिने हे चालले. शेवटी सरकारने मधला एक खांब गाळला आणि गाळा १२० मीटरचा केला. दोन पिढ्यांपूर्वी हे झाले नसते. १८४५ मध्ये तर कॉजवेखालून जाणाऱ्या होड्यांचे कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. आवाबाईंच्या अटीत पुलावरून जाणाऱ्यांचा विचार होता, खालून जाणाऱ्यांचा नव्हता.

गेल्या सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेच्या रविवारी मी माहीमहून वांद्र्याला चालत गेले. वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि बिनमोटारीची माणसे तिच्यापेक्षा भराभर पुढे जात होती : कडेवर मुले, हातात मेणबत्त्यांच्या पुड्या, एका म्हाताऱ्या बाईच्या पायात काही नव्हते, बहुधा नवस असावा. पश्चिमेला सी लिंकचे दिवे लागले होते. माझ्या पुढे चालणाऱ्या मुलाने आईला विचारले, आपण त्या पुलावरून का नाही गेलो? आईने सांगितले, तिथून चालत जाता येत नाही. मुलाने पुन्हा विचारले, मग इथून कसे जाता येते? तेवढ्यात मागून बसने भोंगा वाजवला आणि आम्ही सगळे कडेला झालो.